गाठीचे कान

गयाबाईच्या गाठीवर फॉर्मालिन मी ओतलं. मालतीबाईंनी दोनदा बजावलं होतं, तरी ओतलं. आणि परत आल्यावर खोटं बोललो. मालतीबाईंविषयी लिहायचं तर हे आधी लिहायला हवं.

परभणीतल्या एका खासगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला होतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. मालतीबाई सूक्ष्मदर्शकावर वाकण्याआधी चपला काढून ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "दुसऱ्याच्या घरात डोकावायलेय. चपला घालून कसं जावं?"

बायकांच्या छातीतल्या गाठी दवाखान्यात येत त्या लिंबाएवढ्या होऊन. तेव्हा मालतीबाई नवऱ्यांना कोपऱ्यात घेत नसत, सगळ्यांदेखत विचारत, "म्हशीच्या कासेला गाठ आली की त्याच दिवशी डॉक्टर आणता. बायकोला वर्षभर हळद लावून बसवता?" माणसं खाली बघत. मीही बघत असे. माझ्या घरीही असले विषय चुलीपलीकडे येत नसत.

गयाबाई झरीची, तिशीची. तिची गाठ काढायची ठरली तेव्हा मालतीबाईंनी एका नव्या तपासणीसाठी तुकडा मुंबईला पाठवायचा हट्ट धरला. गयाबाईला त्यांनी समजावलं, "भिंतीला कान असतात म्हणतो ना आपण? तसे ह्या पेशींनाबी असतात. अंगातून 'वाढ' असा निरोप येतो, तो ऐकला की त्या वाढत्यात. गाठ काढली तरी एखादी रक्तात निसटलेली असू शकती. तिला कान हायेत का ते कळलं, तर गोळी देऊन कानात बोळा घालता येतो."

गयाबाई म्हणाली, "आमच्या सासूबाईला हाय का वो अशी गोळी? भिंतीआडचं ऐकती."

दोघी खळखळून हसल्या. मला मात्र तुकडा देताना मालतीबाई हसल्या नाहीत. "दिगंबरभाऊ, ह्याला औषधात घालायचं न्हाई. ताजाच न्यायचा, बर्फात. औषधात पडला की कान मेले. बर्फ कमी झाला तर स्टेशनवर घ्या."

मनमाडला गाडी बदलताना मी थर्मास उघडला. बर्फ निम्मा वितळला होता. फलाटासमोर बर्फाची गाडी उभी होती. पण बारा वर्षं प्रत्येक तुकडा मी फॉर्मालिनमध्येच घातला होता. ते ओतलं की मांस सडत नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. या बाईनं मला शिकवावं? बाटली मी परभणीहूनच पिशवीत टाकली होती. ओतली.

मुंबईच्या तपासनिसानं झाकण काढलं, नाक मुरडलं आणि थर्मास परत दिला. दुसरा ताजा तुकडा नव्हताच.

परभणीला डॉक्टर, गयाबाई, तिची सासू, सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "नामांतराच्या मोर्चेवाल्यांनी गाडी अडवली. बर्फ वितळला."

कुणी एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टर म्हणाले, "या लोकांना दुसरं काय सुचणार?" मालतीबाई बौद्ध. त्यांचा सख्खा भाऊ त्या मोर्च्यांत असे. त्यांनी माझ्या हातातून थर्मास घेतला, उघडला, पुन्हा बंद केला आणि आत निघून गेल्या.

रिपोर्ट नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. मालतीबाई त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहून ओरडल्या, "कागद आजारी हाय का बाई आजारी हाय?" त्यांना महिनाभर रजेवर पाठवलं. मी शेजारच्या खोलीत नळ्या धूत होतो. दीड वर्षानं गयाबाईची कंबर दुखू लागली, मग उठवेना. ती गेली. गोळ्यांनी ती वाचलीच असती असं मालतीबाई कधी म्हणाल्या नाहीत. पण तिच्या गाठीला कान होते का ते कळायची संधी तिला मिळाली नाही, आणि ती मी घालवली.

नामांतर झालं त्या दिवशी मालतीबाईंनी पेढे आणले. माझ्यापुढे डबा धरला तेव्हा माझा हात पुढे होईना. "बाई, गाडी कुणी अडवली नव्हती."

"ठाऊक हाय. थर्मास उघडला तवाच औषधाच्या वासानं डोळे झोंबले माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"मोर्चेवाल्याच्या बहिणीचं कोण ऐकणार व्हतं? तुमच्या तोंडून यायची वाट पायली. लय वर्सं पायली."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला नगं. चारचौघांत बोललात, चारचौघांत फेडा."

रविवारी आम्ही एसटीनं झरीला गेलो. गयाबाईची सासू ओसरीवर बसली होती, शेजारपाजार जमला. मालतीबाईंनी पायरीशी चपला काढल्या. मी हात जोडून बोललो. म्हातारीनं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल बाबा. आता ऐकू येत न्हाई."

मग मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "गाडी कुणी अडवली नव्हती. मोर्चेवाल्यांचा काही दोष नव्हता. या बाईंनी नको म्हटलेलं असताना औषध मी ओतलं. तुमच्या सुनेची तपासणी मी बुडवली, आणि खोटं बोललो. मला माफ करा."