वळणाआधीचा लाल दिवा

नंदूभाऊंना चहा दिला की आधी आमच्या टीपॉयवर रस्ता तयार व्हायचा. वर्तमानपत्राची घडी म्हणजे बदलापूर गाव, माझ्या चष्म्याची डबी म्हणजे बारवी धरण आणि मधली मोकळी जागा म्हणजे रस्ता. चहाचा कप ही मित्राची, जयूची गाडी, ग्लुकोजचं बिस्किट ही स्वतःची बाईक. "बघा हं वहिनी," म्हणत ते दोन्ही हातांनी दोघांना एकदम सोडायचे. बिस्किट सुसाट पुढे, कप मागे. वळण आलं की बिस्किट हळू व्हायचं आणि कप त्याला येऊन जवळजवळ चिकटायचा. पुन्हा सरळ रस्ता लागला की बिस्किट पुढे. धरण आलं की "बाईक जिंकली" असं जाहीर करून ते बिस्किट चहात बुडवून खाऊन टाकायचे. त्यांच्या आई, इंदूमावशी, समोर असल्या की तोंड फिरवायच्या. एकदा ओट्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "जिंकली म्हणतो आणि गिळून टाकतो. मला नाही गं बघवत ते."

मी लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला आले तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून इंदूमावशींचं घर. मायलेक दोघंच. नंदूभाऊ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर लोखंडी तुकडे मापायचे आणि जरा कमीजास्त असला की बाजूला टाकायचे. तीच सवय घरीदारी. मी म्हणावं, "आज भाजी छान झालीय," तर हे विचारणार, "कशाच्या तुलनेत?" माझ्या नवऱ्याला हसू यायचं, मला मात्र डोक्यात तिडीक जायची. "मापल्याशिवाय बोलायचं नाही, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळी आंघोळ झाली की मायलेक बुद्धवंदना म्हणायचे. नंदूभाऊंचा आवाज एवढा गोड होता की मी गॅस बारीक करून ऐकत राहायचे. पस्तिशीला आलेला, निर्व्यसनी, आईला सांभाळणारा माणूस. पण डोक्यात हे एक वेड होतं, आणि त्याला मी आजही वेडच म्हणते.

वेडाला खतपाणी घालणारा जयू. उल्हासनगरच्या कॅम्पातला, सिंधी फर्निचरवाल्याचा मुलगा. दोघांची कॉलेजपासूनची दोस्ती. जयू गोरागोमटा, मनाने मोकळा, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारा आणि तिथून कधी सिंधीत जाईल ते त्यालाच ठाऊक. इंदूमावशींना आई म्हणायचा आणि त्यांच्या हातचं बोंबलाचं कालवण बोटं चाटून खायचा. "घरी मिळत नाही ना आई, हमारे यहाँ का पापड खा खा के मैं खुद पापड हो गया." त्याने कुठूनतरी लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल अशी जपानी गाडी आणली होती. एक जपानी बाईकही आणली होती, अंगभर प्लास्टिकचं चिलखत घातलेली. पण ती त्याला झेपेना. पहिल्याच दिवशी हात जरा जास्त पिळला गेला आणि तिने याला गल्लीतच आडवा केला. तेव्हा त्याने किल्ली नंदूभाऊंच्या हातात ठेवली. "मशीन खडी राहिली तर मरून जाते यार. तू चालव."

बाईक आमच्या जिन्याखाली आली आणि इंदूमावशींची झोप गेली. नंदूभाऊंना विचाराल तर ते सांगायचे, भांडण बाईक भारी की गाडी भारी एवढंच आहे आणि ते मापून संपवायचं आहे. जयू म्हणायचा, चार चाकांपुढे दोन चाकं काय टिकणार. नंदूभाऊ म्हणायचे, पिकअप बघ. रविवारी सकाळी दोघे बदलापूर गावातून बारवीच्या रस्त्याला लागायचे. धरणाच्या अलीकडे चहाची टपरी होती, तिथे निकाल लागायचा. निकाल म्हणजे काय, वाद. पुढच्या रविवारी पुन्हा मापायचं.

आता मला बाईकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नंदूभाऊंनी इतक्या वेळा ऐकवलं की अजून पाठ आहे. सुटताना बाईक पुढे, कारण तिला ओढायला वजनच नाही. गाडी दुसऱ्या गिअरात जाईपर्यंत बाईक दिसेनाशी होते. पण वळणावर गाडी बाईकला खाते. चार चाकं रस्ता धरून बसतात. बाईकला वाकावं लागतं आणि वाकायच्या आधी हळू व्हावं लागतं. जोरात ब्रेक मारला तर मागचं चाक हवेत जातं, म्हणून तिचा ब्रेक लवकर आणि मोजून मारायचा. गाडीवाल्याने नुसता ब्रेकवर पाय दाबायचा. "म्हणून मी जयूला सांगून ठेवलंय," नंदूभाऊ म्हणायचे, "माझा लाल दिवा पेटला की समज वळण आलं. तेव्हाच तुझा चान्स. तिथे तू अॅक्सिलरेटर दाब."

मी म्हटलं, "स्वतःला हरवायची युक्ती स्वतःच शिकवता?"

"मग मापणार कसं? त्याला त्याचा पूर्ण चान्स मिळायला नको?"

असा माणूस. समोरच्याच्या हातात काठी देऊन मग भांडणारा.

एका रविवारी जयूने आम्हा दोघींना धरण दाखवायला नेलं. म्हणजे मला आणि इंदूमावशींना. मावशी पुढे बसल्या, मी मागे कशीबशी अंग चोरून. नंदूभाऊ पुढे बाईकवर. मावशी सोबत आहेत तर आज पोरं शहाण्यासारखी जातील असं मला वाटलं होतं. गावाबाहेर पडेपर्यंत गेलीही. मग शेतं लागली, रस्ता मोकळा झाला आणि नंदूभाऊ एकदम लहान झाले. डोळ्यादेखत माणूस बोटाएवढा झाला. जयूने गाडी पिटाळली. मावशींनी दोन्ही हातांनी सीट धरली. पुढे झाडीत रस्ता वळत होता. तिथे बाईकचा लाल दिवा पेटला, आणि जयूने आणखी दाबली. नंदूभाऊंची पाठ काचेत भराभरा मोठी होत गेली. अगदी जवळ जाऊन जयूने गाडी बाजूला काढली आणि वळणातून पुढे गेला.

मावशींनी सीटवरचे हात सोडले. मग म्हणाल्या, "जयू, लाल दिवा दिसला की थांबतात रे."

जयू हसला. "आई, दुनिया के लिए लाल. माझ्यासाठी तो हिरवा आहे."

टपरीवर मावशींनी चहा घेतला नाही. धरणाचं पाणी चकाकत होतं, पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती आणि मावशी बाईकच्या मागच्या त्या दिव्याकडे बघत बसल्या होत्या. घरी आल्यावर लेकाला म्हणाल्या, "किल्ली त्याची त्याला देऊन टाक. मला दुसरं काही नको तुझ्याकडून." नंदूभाऊ हो म्हणाले. आईला ते नाही कधी म्हणायचेच नाहीत. देतो म्हणायचे आणि रविवार आला की बाईक पुसायला घ्यायचे.

त्यानंतर मावशी रविवारी माझ्याकडेच येऊन बसायच्या. तांदूळ निवडायला घ्यायच्या, निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. जिन्याखाली बाईकचा आवाज आला की उठून घरी जायच्या. मीच चिडायचे. एकदा नंदूभाऊ परत आले ते थेट माठापाशी गेले आणि तांब्यामागून तांबे पाणी प्यायले. डाव्या आरशात गवताची काडी अडकली होती. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाले, "बैल होता. शेपटी हाताला लागली."

"आईला सांगू का?"

"नका सांगू. बैलाचं चुकलं नाही. बाईक येताना लांब वाटते हो. एक दिवा, अंग बारीक. गाडी दिसली की माणूस थांबतो, बाईक दिसली की म्हणतो अजून वेळ आहे." हेही त्यांनी मापूनच काढलं होतं. आणि हे आरसा पुसत होते. मी रागाने म्हटलं, "तुम्हाला सगळं कळतं ना, मग थांबत का नाही?" त्यांनी फडकं झटकलं. मग म्हणाले, "जयूला अजून पटलेलं नाही." मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला.

भातकापणी चालू होती तेव्हाचा तो रविवार. बारवीच्या बाजूच्या पाड्यांवर दिवसभर डोक्यावरून भारे वाहायचे चाललेले असतात, बाया एकीमागे एक रस्ता ओलांडतात. रस्ता ओलांडायची तिकडे एक रीत आहे. येणाऱ्या गाडीला हात दाखवायचा आणि निघायचं. एसटी थांबते, टेम्पो थांबतो, बैलगाडी तर थांबतेच. नंदूभाऊ सकाळी बाईक पुसून गेले. मावशी माझ्याकडे आल्या. ऊन चढलं, जेवणाची वेळ टळली, आणि बाईकच्या आवाजाऐवजी कारखान्यातला नंदूभाऊंचा एक मित्र जिना चढून आला. त्याने चपला काढल्या नाहीत. मावशींनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठे आहे?" बरा आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही.

जयूच्या गाडीने मागून उडवलं होतं, नंदूभाऊ जागीच गेले होते. एवढंच आम्हाला तेव्हा कळलं.

कॉलनीत लोक बोलायचे ते बोललेच. रेस लावत होते, मग दुसरं काय होणार. पिकअपची मस्ती. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये का. मावशींच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचे. त्यांना रडायलाही मोकळीक ठेवली नाही त्या बोलण्याने. जणू त्यांच्या लेकाने स्वतःच स्वतःला मारलं होतं आणि वर त्यांनी लाज धरायची होती. मी दोनतीन जणींशी कडकडून भांडले, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलेनात.

नंदूभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी येऊन गेले, पाहुणे पांगले, तेव्हा दारात एक बाई उभी दिसली. काळीसावळी, म्हातारपणाकडे झुकलेली, कासोटा घातलेली. हातात नव्या तांदळाचं गाठोडं. पत्ता विचारत विचारत बारवीकडून आली होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसली. मावशींनी पाणी दिलं.

"मी हात केला," बाई म्हणाली. "डोईवर भारा व्हता. मना वाटलं लांब हाय. पन तो झटकन जवल आला. तरी थांबला, माय. बराबर थांबला. पाय भुईला टेकला न् मान हालवली, जा बोलला. मंग मी निंगाले. पलीकडं गेले आन् मागं आवाज झाला."

मावशींनी तिला पुन्हा सांगायला लावलं. पाय टेकला होता? "टेकला व्हता. डावा. मी बगला ना." मावशी लहान मुलासारख्या ऐकत होत्या. मग त्यांनी त्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा गळा काढून रडल्या.

जयू आला तो पुढे बऱ्याच दिवसांनी. पोलीस झाले होते, केस उभी राहिली होती, त्यात मी शिरत नाही. गोरा रंग पार उतरला होता. मी मावशींकडेच होते. तो खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. तिथूनच बोलायला लागला. "आई, लाल दिवा पेटला. मला वाटलं वळण आलं. मला वाटलं, आज सापडला. मी दाबली."

"वळण होतं का तिथे?"

"पुढे होतं. थोडं पुढे."

"बाईने हात केला होता. त्याने पाय टेकला होता, जयू. तो उभा होता."

जयूने मान खाली घातली. "दिसला आई. पाय दिसला मला. पण तोपर्यंत..." नंदूभाऊंनी आयुष्यभर मापलं, पिकअप मापला, वळणं मापली. सरळ रस्त्यात आपण कधी कुणासाठी थांबू आणि मागचा तेव्हा काय समजेल, हे आमच्या टीपॉयवरच्या रस्त्यात कधी आलं नव्हतं. मला जयूची दया येत होती, आणि येते म्हणून स्वतःची चीड येत होती.

मावशी उठल्या. आतून ताट वाढून आणलं. भात आणि आमटी. त्याच्यापुढे ठेवलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. एका हाताने डोळे पुसत त्याने कसेबसे चार घास खाल्ले. ताट उचलायला गेला तर म्हणाल्या, "राहू दे." मग त्याने वाकून नमस्कार केला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवलाच, काढून घेतला नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

जयू दारापर्यंत गेला. मराठी घरात वाढल्यासारखा, इतकी वर्षं त्या घरातून निघताना म्हणायचा तसाच म्हणाला, "येतो, आई."

मावशी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. आवाजात राग नव्हता, अगदी मायेने म्हणाल्या, "येऊ नकोस, बाळा."