माय दवाखान्यात आली

आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे, चमत्कार कोणी मानत नाही. बाबांनी लहानपणापासून मला प्रश्न विचारायलाच शिकवलं. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. जे झालं ते फक्त सांगतो.

सिंगापुरात मी वेल्डर होतो. समंती श्रीलंकेची, तिथल्या वृद्धाश्रमात परिचारिका. तीन वर्षं आम्ही एकत्र राहिलो, मग तिच्या गावी जाऊन नोंदणी लग्न केलं. घरी काहीच कळवलं नव्हतं. त्याच काळात बाबा गेले. रजा मिळत नाही, असं मी मायला फोनवर सांगितलं. खरं तर रजा मिळत होती. पण आलो असतो तर नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा विषय काढला असता, आणि खरं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत समंतीला घेऊन ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी आलो. तिला चौथा महिना होता. माय दारातच म्हणाली, "तुया बाप गेला तवा नाई आला. आता काऊन आला?"

तिने आम्हाला जेवू घातलं, पण समंतीशी एक शब्द बोलली नाही. समंतीने घासलेली भांडी ती पुन्हा घासायची. जिने जन्मभर शिवाशिवीचा राग केला, तिच्या हातून हे होताना बघवत नव्हतं. नवव्या दिवशी समंती म्हणाली, "माझ्यामुळे त्यांना जास्त त्रास होतोय. आपण जाऊ." आम्ही बॅगा उचलल्या. माय जागची उठली नाही.

फाट्यावर जीपची वाट बघत असताना समंतीच्या पोटात कळ आली आणि ती खालीच बसली. कपड्यांवर रक्त दिसलं तशी माझी मतीच गुंग झाली. तेवढ्यात रोवणीवरून परतणारी एक बाई, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, जवळ आली. शेजारच्या लहानशा बुद्धविहारात तिने समंतीला नेलं, सतरंजीवर निजवलं. "तू गाडी पाह्य भाऊ, मी आहो हिच्याजवळ," ती म्हणाली.

मी रस्त्यावर हात दाखवत राहिलो. एकही गाडी थांबेना. हताश होऊन परत आलो तर समंती डोळे मिटून वंदना म्हणत होती. चाल तिच्या देशाची होती. ती बाई आपल्या चालीत तेच पाली शब्द म्हणत होती. मी दारातच हात जोडले. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच मनात आलं आणि छातीतली धडधड थोडी शांत झाली. तेवढ्यात बाहेर एक पिकअप येऊन थांबली आणि तिच्यातून मी समंतीला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. ती बाई तिथेच राहिली. तिचं नावही मी विचारलं नाही.

मूल वाचलं नाही.

दुपार कलली तेव्हा दवाखान्याच्या दारात माय उभी होती, हातात पेजेचा डबा. "एक बाई आली होती, चिखलानं भरलेली. म्हणे, तुमची सून एकटी पडली हाये, चला." मी त्या बाईला ना गाव सांगितलं होतं, ना मायचं नाव. नंतर विचारपूस केली, पण कोणाला काही सांगता आलं नाही. रोवणीला बाहेरगावच्या कितीतरी बाया येतात. फाट्यावरच्या कोणी मला ओळखून तिला घर दाखवलंही असेल. मी खोलात गेलो नाही.

माय खाटेवर बसली. समंतीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पेज पाजत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मायं बी पयलं लेकरू असंच गेलं होतं, पोरी. याले नाई मालूम."

मला खरंच माहीत नव्हतं. समंतीला तर शब्दही कळले नव्हते, तरी तिने मायचा हात घट्ट धरला आणि इतके तास दाबून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

रजेबद्दलचं खरं मी त्याच आठवड्यात मायला सांगितलं. ती माझ्याशी अजून मोजकंच बोलते, आणि ते मला मान्य आहे. सगळं लपवून, सांभाळून नेता येतं हा माझा गर्व त्या विहाराच्या दारात गळाला. त्या बाईचे आभार मानायचे राहून गेले. आता आम्ही मायजवळच राहतो. रोज संध्याकाळी माय आणि समंती वंदनेला बसतात, दोघी दोन चालींत. मी मागे बसतो आणि ऐकतो.