पाणबुडीचा पत्रा

आमच्याकडे पत्रा घ्यायला येणारा माणूस आधी भाव विचारतो. हे गृहस्थ आधी प्लेटवर हातोडी मारायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "वाकवून दाव, शेट."

शहापुरात किन्हवली रस्त्याला माझं लोखंडाचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॉली, असली गिऱ्हाइकं. पाणबुडीसाठी पत्रा मागणारं आयुष्यात एकच भेटलं. पहिल्यांदा मी हसलो. तुम्हीही हसला असतात.

मुरबाडच्या कारखान्यांत त्यांनी उभा जन्म वेल्डिंग केलं होतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. धरणात गाव गेलेल्यांच्या नव्या वस्तीत एकटेच राहायचे. पाणबुडीची दोन्ही घुमटासारखी तोंडं अंगणात तयार होती. मधल्या पिंपाचा पत्रा तेवढा ठरत नव्हता.

"स्टेनलेस घ्या की काका, गंजायला नको," मी म्हणायचो.

"मी काय समुद्रात चाललोय? धरणाचं पाणी गोडं हाय. आन् चकचकीत घेऊन काय करू, लगीन लावायचंय?"

कडक पोलाद तर त्यांना चालायचंच नाही. पट्टी कापून घ्यायची, वाईसमध्ये आवळून थंडच दुमडायची आणि चष्मा पुसून बाहेरच्या अंगाला चीर शोधायची. "मऊ लोखंड आधी वाकतं, करकरतं, सांगतं. कडक काय सांगत नाय, एकदम फुटतं. पंधरा पुरुष खोल पाण्याखाली मला सांगणारं लोखंड पायजे. तिथं दुसरं कोन हाय बोलायला?"

एवढ्या खोल जायचं कशाला, हे त्यांनी एकदाच सांगितलं. गाव उठलं तेव्हा घाईत त्यांनी आईच्या जात्याचा वरचा दगड बैलगाडीत टाकला. खालचा जमिनीत पुरलेला होता, तो राहिला. "अर्धं जातं आनलंस रे," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. उन्हाळ्यात धरण उतरतं, पण त्यांचं घर नदीकाठी, सगळ्यात खाली. ते काही उघडं पडत नाही.

"मग तो दगड वर काढणार?"

"वर कशाला? हा वरचाच खाली नेनार. पाणबुडीच्या पोटाखाली वजन लागतंच. घरावर गेलो का हूक सोडायचा. दगड खाली, आमी वर."

मी नंतर कधी हसलो नाही.

आता खरं सांगतो. त्यांना हवी तशी प्लेट माझ्याकडे होती. बंद पडलेल्या कारखान्यातली बॉयलर प्लेट, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. ती दाखवली असती तर म्हातारा खरंच बुडी मारता. मला भीती वाटली. दर मंगळवारी ते एसटीने यायचे, विचारायचे, "आला काय माल?" मी म्हणायचो, "पुढच्या खेपेला." मग चहा घ्यायचे आणि परतीच्या गाडीपर्यंत लोखंडाच्याच गप्पा मारत बसायचे. अशी तीन वर्षं मी त्यांना झुलवलं. जीव वाचवतोय असं स्वतःला समजावत होतो.

एका मंगळवारी ते आले नाहीत. झोपेतच गेले होते. धसईहून आलेल्या पुतण्याने ती दोन तोंडं टेंपोत घालून माझ्याकडेच भंगारात आणली. "हा दगडपन ठेवा, मी काय करू याचं?" म्हणाला.

पंधरा दिवसांनी एका मासेमाऱ्याची होडी ठरवून तो दगड मी धरणावर नेला. म्हटलं, पाणबुडी नाही तर नाही, दगड तर पोचेल. मधोमध गेल्यावर त्याने वल्हं थांबवलं.

"कुठं सोडायचा, शेट?"

मी चारी बाजूंना बघितलं. सगळीकडे सारखंच पाणी. घर नेमकं कुठे आहे, हे तीन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

दगड परत आणला. मागच्या शेडमध्ये त्या प्लेटवर ठेवलाय. ती प्लेट मी कुणाला दाखवत नाही.