अकरा उन्हाळ्यांचा खंड

माझी सगळी कारकीर्द एका फुलस्केप कागदात मावते आणि तो कागद मला पाठ आहे, कारण प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी उठून तो वाचून दाखवतो. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात जन्म, उपयोजित गणितात डॉक्टरेट, मग विभागप्रमुख, प्राचार्य आणि शेवटी कुलगुरू. वाचणाऱ्याला त्यातलं काही कळत नसतं आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष चहाकडे असतं. 'यांनी गणिताचा समाजासाठी उपयोग केला' हे वाक्य हटकून येतं. माझा प्रबंध मातीतून झिरपणाऱ्या पाण्यावर होता. तो दोन परीक्षकांनी वाचला, त्यातल्या एकाने बहुधा पहिली वीस पानंच. त्यातल्या एकाही समीकरणाने तापीकाठच्या एकाही केळीला चूळभर पाणी जास्त मिळालं नाही. माझं गणित माणसांवर आयुष्यात एकदाच चाललं, आणि ते त्या कागदावर लिहिलेलं नाही.

राज्यं एकमेकांत मिसळली त्या वर्षांतली ही गोष्ट. जुन्या मध्य प्रांतातला आमचा तुकडा, शेजारची संस्थानं, आणखी एकदोन मुलूख, असं सगळं मिळून भोपाळहून चालणारं एक राज्य झालं. नकाशे जोडायला पेन्सिल पुरते. नोकर जोडायचे म्हटल्यावर तमाशा सुरू झाला. एका संस्थानात दहा मुलांच्या वर्गाला शिकवणारा गृहस्थही 'प्रोफेसर' होता, आणि आमच्याकडे वीस वर्षं खडू झिजवलेला माणूस 'लेक्चरर'च राहिला होता. आता सगळ्यांची मिळून एकच ज्येष्ठता यादी करायची होती. त्या यादीत जो वर, तो आधी विभागप्रमुख, आधी प्राचार्य. एरवी तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं सचिवालयाच्या जिन्यावर एकमेकांच्या नेमणुकीच्या तारखा काढत उभी असायची. मी त्यांच्याकडे तुच्छतेने बघायचो. मी तेव्हा तिशीचाही नव्हतो आणि सरकारी कॉलेजात नुकताच लागलो होतो.

यादीच्या समितीला एक गणितवाला हवा होता. निर्णय आकड्यांतून आला की भांडणं मिटतात, असं सचिवसाहेबांना वाटत होतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी माझी निवड झाली. मी एक सूत्र तयार केलं. प्रत्येकाच्या अखंड सेवेच्या वर्षांना त्याच्या पदाच्या वजनाने गुणायचं, पदवीचे गुण मिळवायचे आणि बेरीज करायची. आठवीतल्या मुलीने दुपारच्या सुटीत केलं असतं असं काम. पण मी बेरजेच्या जागी सिग्माचं चिन्ह लिहिलं आणि समिती एकदम गंभीर झाली. सिग्मावर हरकत कशी घ्यायची हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

'अखंड' म्हणजे काय, असं एका सदस्याने विचारलं होतं. मी म्हणालो, महिन्याहून जास्त खंड पडला की आधीची सेवा धरायची नाही, पुन्हा शून्यापासून मोजायची. एका जागी तुटलं की तुटलं, ही आमच्या विषयाची सवय. ती माणसाच्या नोकरीला लावावी असं फक्त गणितवाल्यालाच सुचू शकतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि व्याख्या मंजूर झाली.

मग मी बुऱ्हाणपूरच्या कॉलेजची फाइल उघडली. ते कॉलेज आधी एका सोसायटीचं होतं, नुकतंच सरकारने ताब्यात घेतलं होतं. तिथे गणित शिकवणारे सर माझे सर होते. जसोंडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, सायकलवरून रोज गावातून यायचे. मला इंटरपासून त्यांनी शिकवलं. शहरातल्या जुन्या भूमिगत कालव्यावरच्या, विहिरींसारख्या खोल कुंड्यांमध्ये दगड बांधलेली दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायला त्यांनीच मला नेलं, आणि माझा प्रबंध त्या दोरीतूनच निघाला. पुढे शिकायला बाहेर जा म्हणून माझ्या वडिलांशी इतवाऱ्यात येऊन दोन तास वाद घातला तोही त्यांनीच. 'पोरगं हिशेबनीस कराचं असंल तर ठेवा घरी,' असं ते म्हणाले होते, आणि माझे वडील स्वतः हिशेबनीस होते.

सोसायटीची एक रीत होती. एप्रिलअखेर सगळ्या कनिष्ठ शिक्षकांना कार्यमुक्तीचं पत्र द्यायचं आणि जुलैत पुन्हा नेमणुकीचं. सुटीचा पगार वाचत होता. सर ते पत्र खिशात घालून जसोंडीला केळीच्या बागेत जायचे. पण नापास झालेल्या मुलांची पुरवणी परीक्षा असायची, म्हणून मे महिन्यात आठवड्यातून तीन दिवस येऊन त्यांना शिकवायचे. विभागाच्या कपाटाची किल्ली उन्हाळाभर त्यांच्याच घरी असायची. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक कार्यमुक्तीच्या दिवशी तेच लावून जायचे. असे अकरा उन्हाळे गेले. त्याला कोणी खंड म्हणत नव्हतं, सर तर नाहीच.

माझ्या सूत्राने म्हटलं. अकरा वर्षांची सेवा पुसली गेली, उरले दहा महिने. मी तीनदा आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. माझी स्वतःची संशोधनाची वर्षं सरकारी शिष्यवृत्तीवर गेली होती आणि ती नियमाने सेवेत धरली जात होती. मी वसतिगृहात लोळत कादंबऱ्या वाचल्या ती सेवा, आणि सरांनी मेच्या फुफाट्यात मुलांना शिकवलं तो खंड. बुऱ्हाणपूरला गणिताच्या विभागप्रमुखाचं पद नव्यानं मंजूर झालं होतं. यादीत जो वर, त्याला ते मिळणार होतं. मी वर होतो.

एक ओळ लिहायची होती: उन्हाळ्याची सुटी खंड मानू नये. समितीने ती बिनबोभाट मान्य केली असती, कारण माझ्या सूत्राला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मी ती ओळ लिहिली नाही. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा घाई होती, शेकडो फाइली होत्या. घाई नव्हती. त्या आठवड्यात मी दोनदा सिनेमाला गेलो होतो. मला घरी परत यायचं होतं, आणि लेक्चरर म्हणून नव्हे, प्रमुख म्हणून.

यादी लागली आणि हरकतींसाठी मुदत मिळाली. मी दिवाळीला इतवाऱ्यात आलो होतो, तेव्हा सर कापडी पिशवी घेऊन घरी आले. पिशवीत अकरा कार्यमुक्तीची पत्रं आणि बारा नेमणुकीची, तारखेवार लावलेली. मला वाटलं, आता गयावया करतील. पण ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मले आधी ते सूत्र समजाव. पेपरात नुसती यादी आली."

मी कागदावर सूत्र मांडलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं, स्वतःचा आकडा घालून पाहिला, मग माझाही घालून पाहिला.

"गणित बरोबर हाये," ते म्हणाले. "पण अखंडची ही व्याख्या कोणं केली?"

"समितीने," मी म्हणालो.

"तू होता ना तिथं?"

"होतो. पण माझं कोण ऐकतं, सर."

त्यांनी ते खरं मानलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, तू काय करशीन. सरकारी लोकायले सुटी आन् खंड यातला फरक नाही समजत." मग त्यांनी माझ्याच टेबलावर बसून हरकतीचा अर्ज लिहिला. हिंदीत लिहायचा होता म्हणून दोनदा खाडाखोड झाली. टपालाने गेला तर हरवेल, तू हातोहात ने, असं म्हणून पिशवीसकट माझ्या स्वाधीन केला. माझ्या आईने त्यांना फराळ दिला. त्यांनी चिवड्याची तारीफ केली आणि सायकलवरून गेले.

अर्ज मी नेला. समितीने तो अभिप्रायासाठी तांत्रिक सदस्याकडे पाठवला. तांत्रिक सदस्य मीच होतो. मी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'सेवेत खंड स्पष्ट आहे. अर्ज विचारार्ह नाही.' खाली सही केली. ती सही आळसाची नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

जुलैत मी बुऱ्हाणपूरला प्रमुख म्हणून रुजू झालो. आयत्या बिळावर नागोबा. माझ्या खोलीतला खण सरांनी आदल्या दिवशीच रिकामा करून पुसून ठेवला होता, टेबलावर त्या वर्षाचं वेळापत्रक तयार होतं. पहिल्या तासाला मी वर्गाकडे निघालो तेव्हा ते दारात बाजूला झाले आणि म्हणाले, "आपण पुढे व्हा." तोवर त्यांनी मला कधी 'अरे' सोडून हाक मारली नव्हती. मी म्हणालो, सर, असं काय बोलता. ते म्हणाले, "मुलं बघतात. प्रमुखाला प्रमुखासारखंच बोलायला हवं." निवृत्तीपर्यंत नऊ वर्षं ते रजेचा अर्ज माझ्यासमोर ठेवून उभे राहायचे. मी बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं, त्यांना नियमच तसा वाटत होता.

त्या पदावरून मी प्राचार्य झालो, प्राचार्यपदावरून कुलगुरू. माझ्याहून हुशार दोन-तीन माणसं वाटेत मागे राहिली, कारण त्यांना बैठकीत गप्प बसायची कला येत नव्हती. मला ती उत्तम येत होती. विद्यापीठ चालवायला तेवढी एकच विद्या लागते, बाकी सगळं कारकून करतात.

कुलगुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात कळलं की सर अंथरुणाला खिळले आहेत. मी सरकारी गाडीने जसोंडीला गेलो. वाटेत ठरवलं होतं. एकच वाक्य होतं: सर, ती व्याख्या माझी होती आणि तुमचा अर्ज मीच फेटाळला. रस्ताभर मी ते मनात इतक्यांदा म्हटलं की त्याचा अर्थच उरला नाही.

सर ओसरीवर खाटेवर होते, फार वाळले होते. मला पाहून उठायला लागले, मी धरून निजवलं. "आपण इतक्या लांब आले," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, आता तरी मला अरे म्हणा. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. सूनबाई चहा घेऊन आली, ओसरीच्या कडेला दोन शेजारीही येऊन बसले होते. सरांनी तिला थांबवलं.

"पाह्य, हेच ते," ते म्हणाले. "माह्या यादीत गडबड झाली व्हती ना, तवा माहा अर्ज यायनं सोता भोपाळले नेला. दिवाळी सोडून. काम नाही झालं ते अलग बात. पन मास्तरासाठी इतकं कोन करते?"

सूनबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून माझ्या पाया पडली. शेजाऱ्यांनी हात जोडले. सर माझ्याकडे बघत होते.

मी कपबशी खाली ठेवली आणि म्हणालो, "त्यात काय सर, तुमच्यासाठी एवढं तर करणारच ना."