कुलपातली चित्रं

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्तच झालंय, पंखा कुरकुरतोय आणि कुंदा खरमाटे छातीवर एक चित्रांचं पुस्तक उपडं ठेवून पलंगावर पडली आहे. डोळे मिटत आलेत, पण राग काही मिटत नाही.

राग आहे तो ढोबळेबाईंवर, आणि ढोबळेबाई तर गेल्या महिन्यात वारल्या. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीशी भांडण. पण कुंदाचा नाइलाज आहे. वाडीवरच्या त्या दोनशिक्षकी शाळेत बाई मुख्याध्यापक, पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी कुंदाकडे. दरवर्षी तालुक्याला पुस्तकांचं प्रदर्शन भरलं की कुंदा उन्हातान्हाची जायची आणि लहान वर्गांसाठी चित्रांची पुस्तकं निवडून आणायची. अक्षरांवर तळहात ठेवून बघायची, नुसत्या चित्रावरून गोष्ट कळते का. मग पुस्तक उलटं धरून बघायची, कारण पोरं बाईंभोवती गोल करून बसतात आणि निम्म्यांना ते उलटंच दिसतं. दुकानदार वैतागायचे. पुस्तकं बाईंच्या हवाली केली की आठवड्याभरात बाई तिला सांगायच्या, कोण कुठल्या पानावर हसलं, कोण कुठं घाबरलं. ते ध्यानात ठेवून ती पुढच्या वर्षीची निवड करायची.

काल तिने शाळेचा चार्ज घेतला, लोखंडी कपाट उघडलं आणि मट्‌कन खालीच बसली. सगळी पुस्तकं आत. कोरी करकरीत. कितीतरी तर अजून प्लास्टिकमध्ये. त्यातलंच एक ती घरी घेऊन आली. मग कोण हसलं होतं, डोंबल?

पंखा थांबतो. कुंदा कूस वळवते, तर पलंगाच्या कडेला ढोबळेबाई बसल्या आहेत. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स.

"झोपलीस का गं?"

"तुम्ही माझ्याशी बोलू नका, बाई."

"बरं," बाई म्हणतात आणि चालू लागतात. पुस्तक हातात धरूनच कुंदा मागोमाग निघते. स्वयंपाकघराच्या दारातून दोघी थेट प्रदर्शनाच्या मांडवात येतात. टेबलं मांडलेली आहेत, पण टेबलांवर पुस्तकं नाहीत, कुलपं आहेत. लहान, मोठी, पितळी. बाई एकेक हातात घेऊन वजन बघतायत.

"का केलंत असं?" कुंदा विचारते.

"पोरं फाडतात गं. तपासणीला साहेब आले की आधी पुस्तकं मोजतात. माझ्या नावावर होती ती."

"ते कळलं मला. घाबरलात, ठीक आहे. मी खोटं बोलण्याचं विचारतेय. म्हैस चिखलात बसते त्या पानावर सगळा वर्ग हसला म्हणालात. मी पुढं तीन म्हशी आणल्या!"

बाई ओशाळतात. "तू एवढी तंगडतोड करून आणायचीस. तोंड एवढंसं झालं असतं तुझं."

"आणि रात्रीचं चित्र? काळ्या पानाला पोरं रडली म्हणालात. त्यानंतर मी रात्र असलेलं एकही पुस्तक घेतलं नाही."

बाई खाली बघतात. "शाळा सुटल्यावर मी एकटीच बघायचे ती. पान काळं आलं की मलाच बघवायचं नाही."

म्हणजे पोरांसाठी म्हणून इतकी वर्षं कुंदाने जे जे निवडलं, ते एका म्हाताऱ्या बाईच्या आवडीचं. पोरांना काय आवडतं हे तिला आजही ठाऊक नाही. फसवलं, आणि वर लाडीगोडीने फसवलं.

मांडवाचं छप्पर खाली येतं, लोखंडी होतं. दोघी कपाटाच्या आत उभ्या आहेत आणि आत पहिलीचा वर्ग भरलाय. बसलेली मुलं मात्र मोठी झालेली. कुणाला मिसरूड फुटलंय, कुणाच्या कडेवर मूल आहे. सगळी त्याच बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. कडेवर मूल असलेली कुंदाला ओळखू येते. शेवंता. पहिलीत होती तेव्हा सगळं बोटाने चाचपून बघायची.

"बाई, त्यात काय हाय?" शेवंता कुंदाच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत विचारते.

कुंदा पान उघडते. झाडाखाली झोपलेलं हत्तीचं पिल्लू. ती पुस्तक पुढं करते, तोच ढोबळेबाई दुसऱ्या बाजूने ते धरतात.

"हात लावू नका गं, नवं आहे!"

"सोडा, बाई."

"तू तरी काय केलंस काल? बघितलंस आणि परत कुलूप लावून आलीस. आता तुझ्या नावावर आहे ना सगळं!"

हे मात्र वर्मी लागतं. कुंदाला रडू फुटतं, त्याच्या दुप्पट संताप येतो आणि ती सगळं बळ एकवटून ओढते. बाईही सोडत नाहीत. टर्रकन आवाज होतो. वर्ग एकदम हसतो. खरं, पोट धरून, बाकं वाजवत. आपण आणलेल्या पुस्तकावर कुंदाने ऐकलेलं पहिलं हसू.

तिला जाग येते ती त्या आवाजानेच. पंखा फिरतोय. ऊन भिंतीवर चढलंय. हाताची मूठ आवळलेली, आणि पुस्तक पोटावर उघडं. हत्तीच्या पिल्लाचं पान मधोमध फाटलंय. फाटलेला तुकडा मुठीत असेल म्हणून ती बोटं उघडते, तर मूठ रिकामी. उशीखाली नाही, चादरीत नाही, पलंगाखालीही नाही. पिल्लाचे पाय आणि झाडाचा बुंधा तेवढा उरलाय. वरचा भाग गेला तो गेलाच.

कुंदा ते पान हाताने सारखं करते. ढोबळेबाईंना माफ करावंसं तिला मुळीच वाटत नाही.

"घ्या," ती मोठ्याने म्हणते, "फाटलं एकदाचं. आता उद्यापासून कुलूप कशाला लावायचं?"