चार नंबरचं दार

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण करमणूक म्हणूनच. माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. दिवा लागला म्हणजे कुठून तरी करंट आला, एवढाच माझा विश्वास. नवरा अजूनही म्हणतो, कशाला लिहितेस, लोक हसतील. हसू देत. इथे वायरलेसमधले जाणकार बरेच आहेत, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. जळगावात आमचं स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. एके दिवशी जवळच्या असोद्याहून भास्करआबा आले. केळीचे मोठे बागायतदार, गावाबाहेर बागेला लागूनच नवा बंगला बांधलेला. मुलगा अमेरिकेत. सुट्टीला आला तेव्हा आईवडील एकटे राहतात म्हणून त्याने एक वायरलेस अलार्मचा सेट आणून ठेवला होता.

सेट साधाच होता. भिंतीवर लावायचा एक कीपॅड, त्यावर आकड्यांची बटणं आणि वर चार छोटे लाल दिवे. सोबत चार सेन्सर – काडेपेटीएवढ्या डब्या, दाराच्या चौकटीला चिकटवायच्या. दार उघडलं की त्या नंबरचा दिवा कीपॅडवर लागतो आणि पीप असा आवाज येतो, दार लावलं की दिवा विझतो. मधे वायर नाही. मुलाची इच्छा अशी, की कीपॅड घरातल्या दिव्यांना जोडावा. कोड दाबून अलार्म चालू केला आणि मग दार उघडलं, की ओट्यावरचे, अंगणातले दिवे आपोआप लागावेत, भोंगा वाजावा. आज याला होम ऑटोमेशन म्हणतात. आम्ही रिले बॉक्स म्हणायचो.

मी कीपॅड उघडला, त्यातून सिग्नल बाहेर काढला, दिवे चालू-बंद करायला रिले बसवले. आमच्याकडच्या व्होल्टेजचं काही खरं नव्हतं, म्हणून स्टॅबिलायझरही दिला. काम छान झालं. बंगल्याला दारं तीनच, त्यामुळे एक सेन्सर उरला – चार नंबरचा.

"राहू दे तुह्यापाशी," आबा म्हणाले. "इथं कुठं लावू त्याले?"

तो मी धुळ्याला नेला. तिथे माझे वडील, नाना, एकटे राहायचे. आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घर लहान, पुढचं दार गल्लीत आणि मागचं दार एका अरुंद बोळात उघडणारं. आई होती तोवर तिची ये-जा त्या मागच्या दारानेच असायची. नंतर ते बंदच राहिलं. बोळातून चोऱ्या व्हायच्या, म्हणून नानांसाठी एक घंटी बनवायचं माझ्या डोक्यात होतं. सेन्सर मागच्या दाराला लावून ठेवला. पण घंटीचा रिसीव्हर बनवायचा राहूनच गेला. सेल गळून सेन्सर खराब होऊ नये म्हणून आतला सेल मी काढून घेतला होता. हे मुद्दाम सांगते आहे.

थोड्या दिवसांनी आबांच्या पत्नीचा, सुमनकाकूंचा, फोन आला.

"पोरी, तुह्या चार नंबरचा दिवा लागते."

"काकू, चार नंबर तुमच्याकडे लावलेलाच नाही."

"तेच तं म्हनते. रोज दुपारी जेवनं झाले की लागते, अन् थोड्या वेळानं जाते."

मी जाऊन पाहिलं. जेवणं झाली, काकू भांडी आवरत होत्या आणि माझ्या समोर कीपॅड पीप वाजला. चारचा दिवा लागला. घरातली तिन्ही दारं बंद होती. काही वेळाने दिवा आपला आपण विझला.

हा प्रकार इंटरफिअरन्सचा, असं मी आबांना समजावलं. आजूबाजूला मोटारींचे स्टार्टर, कुठे तरी कोणाचा वायरलेस सेट... सेटच्या आत कोड बदलायचे बारीक स्विच होते, ते बदलले, तिन्ही सेन्सरवर नवा कोड बसवला. एक, दोन, तीन नव्या कोडवर चालू लागले. आता जुन्या कोडचा चार नंबर लागणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लागला.

काकूंना त्याची भीती वाटत नव्हती. त्यांनी ते घरातलंच धरलं होतं. "चार नंबरवाला जेवून बाहेर पडते," म्हणायच्या, "फिरून येते अन् दार लावते." मला मात्र ते ऐकून कसंसंच व्हायचं, कारण चार नंबरचा सेन्सर कुठल्या दाराला आहे हे मला माहीत होतं.

शेवटी मी धुळ्याला गेले. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आणि सेन्सरची झेप फार तर घराच्या अंगणापर्यंत. तरी गेले. डबी उघडली. सेल नव्हता, आत धूळ बसली होती. नानांना विचारलं, "मागचं दार कोणी उघडतं का?"

"कोण उघडेल?" नाना म्हणाले आणि पेपर पुढे धरला.

मी त्यांच्या फोनवरून असोद्याला एसटीडी लावला. आबांना कीपॅडसमोर उभं केलं आणि मागच्या दाराची कडी काढली. गंजलेली कडी, दोन्ही हातांनी ओढावी लागली. दार सताड उघडलं.

"दिवा लागला का, आबा?"

"नही. काहीच नही."

लावलं, परत उघडलं. काहीच नाही. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे या दाराचा आणि त्या दिव्याचा काही संबंध नव्हता. मी निश्चिंत होऊन जळगावला परतले.

त्यानंतर काही आठवड्यांनी वर्कशॉपमध्ये काकूंचा फोन आला. दुपार कलत आली होती.

"पोरी, आज चार नंबर लागला तो बंदच नही झाला. मी मघापासून पाहून राहिली. मले बरं नही वाटत."

मी धुळ्याला नानांना फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मग शेजारच्या अक्कांना लावला. त्या नानांच्या दारात जाऊन आल्या.

"नाना आवाज देत नही, ताई. पुढलं दार आतून लायेल शे."

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते मी विचार करून बोलले नाही. "अक्का, बोळातून मागे जा. मागचं दार उघडं आहे."

"ते? ते दार कधी उघडं ऱ्हास?"

"आज उघडं आहे. जा तुम्ही."

फोन हातात धरून मी उभी राहिले. पलीकडे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग पावलं, धावत आलेली.

मागचं दार सताड उघडं होतं. नाना आत उंबऱ्याशी पडलेले, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, शुद्ध अर्धवट. अक्का आणि त्यांचे दोघे मुलगे, तिघांनी मिळून त्यांना बोळातूनच बाहेर काढलं, नाक्यावर रिक्षा केली आणि हॉस्पिटल गाठलं. पॅरालिसिसचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

मी आणि नवरा रात्री पोचलो. सकाळी हॉस्पिटलमधून आबांना फोन केला – काकूंना सांगायला हवं होतं, त्यांच्यामुळे नाना वाचले होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहाटे गेला तो दिवा."

नानांचे कपडे आणायला मी अक्कांना घेऊन घरी गेले. पुढचं दार आतून लावलेलंच होतं, कारण आदल्या दिवशी तिकडून कोणी आलं-गेलं नव्हतं. मागून गेलो. अक्का म्हणाल्या, "मीच लोटी लिधं, बाहेरतून काय लावनार?"

दार ढकललं. हललं नाही. आतून कडी लावलेली होती.

दोन्ही दारं आतून बंद आणि नाना हॉस्पिटलमध्ये. अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी दोन पावलं मागे घेतली, पदर घट्ट गुंडाळला. नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याने सुताराकडून खिडकीचे गज काढवून आत उडी मारली, पुढचं दार उघडलं. तीन खोल्या, न्हाणीघर, माळा – सगळं पाहिलं. कोणी नव्हतं. काही गेलेलं नव्हतं, हललेलंही नव्हतं. सेन्सर मी काढून घेतला. आत सेल नव्हता.

नानांना आम्ही जळगावला आणलं. बोलणं परत यायला बरेच महिने गेले. जरा नीट बोलू लागले तेव्हा एकदा दुपारी त्यांना भरवताना मी विचारलं, "त्या दिवशी मागचं दार तुम्ही उघडलं होतं?"

त्यांनी मान हलवली – नाही.

"मग?"

"रोज उघडायचं," ते म्हणाले. शब्द जड येत होते. "जेवणं झाली की कडी वाजायची. जायचं. मग यायचं, लावायचं. मी बघायला जात नव्हतो."

"मग त्या दिवशी का गेलात?"

"परत आलं नाही म्हणून."

कोण, हे मी विचारलं. आई का, असंही विचारलं. त्यांनी घास नको म्हणून हात वर केला. ते गेले तोवर हा विषय पुन्हा निघाला नाही.

आई असेल, असं बरेच जण म्हणतात आणि त्यांना बरं वाटतं. पण आईबद्दल नाना 'जायचं, यायचं' असं म्हणाले नसते, 'जायची, यायची' म्हणाले असते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला तसं कधी म्हटलं नव्हतं.

आबांच्या कीपॅडवर चारचा दिवा त्या पहाटेनंतर एकदाही लागला नाही. सिग्नल चुकून येऊ शकतो, हे मी मान्य करते, एखादा जाणकार नव्वद किलोमीटरचंही काही तरी समजावून सांगेल. पण आतून लावलेल्या कडीला कुठली फ्रिक्वेन्सी लागते, ते मला कोणी सांगितलेलं नाही. धुळ्याचं घर आम्ही भाड्याने दिलं नाही, विकलंही नाही. किल्ली माझ्याकडेच आहे. तो दिवा शेवटचा विझला तेव्हा जे कोणी होतं ते आत होतं, एवढंच मला माहीत आहे.