न खेळता दिलेला अभिप्राय

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली टँकरवाल्याशी भांडत होतो. टँकर अर्धाच भरलेला होता आणि तो काठोकाठ आहे असं तो आईची शपथ घेऊन सांगत होता. मी त्याला म्हणत होतो, "अरे, खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोल." तेवढ्यात फोन वाजला. हेमंतच्या मेहुण्याचा. सकाळी आंघोळीला जाताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी टँकरच्या चाकाशी मटकन खाली बसलो. इथवर सगळं रीतसर झालं. मित्र गेल्यावर माणूस बसतो तसाच मी बसलो. पण बसल्या बसल्या डोक्यात जो पहिला विचार आला तो काही रीतसर नव्हता. मला वाटलं, सुटलो. आता हेमंतला कधीच कळणार नाही.

त्याला अडीच महिने झाले. काय कळणार नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात, आणि हेमंतकडे ते भरपूर होते. पण कुठलाही गुण सांगायला घेतला की मध्ये माझं एक कृत्य आडवं येतं, आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो वसईच्या खाडीकडच्या भातशेतीवाल्या घरातला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांच्या गावात मातीचे बांध घालत, आणि बांध फुटला की रात्र असो की दिवस, सगळं गाव चिखलात उतरे. त्याच्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टींत एक तरी बांध फुटलेला असायचाच. पुढे शेती गेली, हेमंत एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहिला आणि एका कंपनीत लोकांची बिघडलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त करू लागला. पण पहाटे उठून, ऑफिसला निघायच्या आधीचे दोन तास, तो स्वतःचं काम करायचा. नऊ वर्षं. एकट्याने. त्यातून त्याने एक कॉम्प्युटर गेम बनवला. त्याचं नाव 'सात बांध'.

ज्यांना या प्रकारातलं काही कळत नाही (म्हणजे मी) त्यांच्यासाठी सांगतो. तो आजकालच्या चकचकीत गेमसारखा नव्हता. मुद्दामच जुन्या वळणाचा होता. वरून दिसणारी चौकटीचौकटींची जमीन, त्यावर अंगठ्याएवढी माणसं. तुम्ही चौघांची टोळी घेऊन निघायचं: एक लढवय्या, एक मांत्रिक, एक चोर आणि एक वैदू. समुद्रातून खारा राक्षस वर येतोय, सगळ्या राज्याची जमीन मिठाने पांढरी पडत चालली आहे, आणि तुम्हाला फुटलेले सात बांध एकेक करून बांधायचेत. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. नकाशा नाही. तो तुम्हीच चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढत जायचा. मेलात तर थेट मागच्या धर्मशाळेत. मी त्याला म्हटलंसुद्धा होतं, "हेम्या, हा गेम आहे की तलाठ्याची परीक्षा?" तो हसून म्हणाला होता, "सुध्या, आयतं मिळालं की माणूस इकडेतिकडे बघत नाही रे."

गेम होत आला तेव्हा त्याला खेळून बघणारी माणसं हवी होती. त्याने मला निवडलं. कारण काय, तर मी आमच्या भागातल्या दिवाळी अंकात एकांकिकांची परीक्षणं लिहितो आणि त्यातल्या दोन-तीन नटांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. "तू स्पष्ट लिहितोस," तो म्हणाला. त्याने मला गेम दिला आणि सोबत एक दोनशे पानी वही. वहीवर पट्टीने तीन रकाने आखून दिलेले. कुठे हसलास, कुठे फसलास, कुठे कंटाळलास. "बाकी काही लिहू नकोस. शहाणपणा नको. एवढंच."

मी खेळायला बसलो. लढवय्याला माझंच नाव दिलं. धर्मशाळेबाहेर पडलो, खाडीकाठच्या चिखलाच्या खाजणात शिरलो आणि पहिल्याच बांधावर मला एका चिंबोरीने, साध्या खेकड्याने, मारलं. पुन्हा धर्मशाळेतून आलो, पुन्हा मारलं. पन्नास वर्षं मी चिंबोऱ्या खात आलोय, त्याचा एका बैठकीत सूड घ्यावा तसं तिने मला तेरा वेळा मारलं. बायको मागून भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "चिंबोरीने? तुम्हाला?" आणि इतकी हसली की मी कॉम्प्युटर बंद केला. माझा 'सात बांध' तेवढाच. दीड तास.

मग हेमंतचे फोन. "कुठवर आलास?" "चाललंय." "दुसरा बांध?" "त्याच्या पुढे." "म्हणजे गावात आलास!" त्याचा आवाज एकदम उजळला. अशाने मला कळलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या बांधाच्या मध्ये एक गाव आहे. चार महिने मी असा फोनवर पुढे पुढे सरकत होतो. माणूस खोटं बोलायला लागला की किती भराभर बांध घालतो बघा...

शेवटी एका शनिवारी त्याचा फोन आला. संध्याकाळी येतो, वही घेऊन जातो. वही कोरी. मी इंटरनेटवर बसलो. अशा जुन्या वळणाच्या दुसऱ्या कुठल्या कुठल्या गेमवर खेळणाऱ्यांनी काय काय लिहिलंय ते काढलं आणि दुपारभर वही भरली. तीन पेनं वापरली, म्हणजे चार महिन्यांचं काम वाटावं. एका पानावर चहाचा कप ठेवून गोल उमटवला. आजवरच्या माझ्या लेखनात इतकी मेहनत मी कशावरच घेतलेली नाही. आणि कंटाळ्याचा रकाना रिकामा दिसायला लागला म्हणून त्यात लिहिलं, 'मधला भाग लांबतो. गावात जीव जातो. कापावं.'

मधला भाग लांबतो हे वाक्य माझं ठेवणीतलं आहे. ते कुठल्याही एकांकिकेला चालतं, कीर्तनाला चालतं, लग्नाला तर चालतंच चालतं. हे लिहिलं की परीक्षक जागा होता असं लोकांना वाटतं.

हेमंतने तिथेच, आमच्या हॉलमध्ये बसून सगळी वही वाचली. मान हलवत होता, मध्येच "बरोबर आहे" म्हणत होता. मग त्या पानावर थांबला.

"गावात कंटाळलास?"

"खरं सांगू? हो."

"विहिरीवरच्या बाईशी बोललास ना पण?"

"बोललो की," मी म्हटलं. आणि समीक्षक म्हणून नाव आहे, तर जरा पदरचंही घालावं म्हणून पुढे म्हणालो, "तीच तर भानगड आहे. फार बोलते रे ती. थांबतच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ, ते आता सांगता येणार नाही. तेव्हा मला वाटलं, लेखक दुखावला. मला त्यातही जरा बरं वाटलं, हे लिहिताना मान खाली जाते. मग तो म्हणाला, "हो. बोलकी आहे खरी." चहा संपवला, वही बॅगेत ठेवली आणि दारात चपला घालताना म्हणाला, "थँक्स रे सुध्या. एवढा वेळ काढलास."

'सात बांध' काही महिन्यांनी आला, एकट्यादुकट्याने बनवलेले गेम ठेवतात अशा एका साइटवर. त्यात गाव नव्हतं. शेवटच्या आभाराच्या पाटीवर पहिलं नाव माझं. मी त्या पाटीचा फोटो मागवून घेतला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला.

दहाव्यानंतर मी एव्हरशाईनला भेटायला गेलो. शुभावहिनी, हेमंतची बायको, भुईगावच्या वाडीतल्या. सरळ बोलणारी बाई. चहा-पोहे देता देता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? राग नाही ना? ते गाव तुम्हाला एवढं कंटाळवाणं वाटलं?" मी पोह्यांत चमचा फिरवत राहिलो. "मी आयुष्यात कधी गेम खेळले नाही," त्या सांगत होत्या, "पण ते गाव मी तीनदा खेळले. नऊतली चार वर्षं त्यांची त्या गावात गेली. त्यांच्याच गावची माणसं ती, एकेक घर. आता कुठे राहिलंय तसं गाव? आणि विहिरीवरची बाई म्हणजे आमच्या सासूबाई. तुम्ही लिहिलंत आणि आठ दिवसांत ते सगळं काढून टाकलं त्यांनी. मी भांडले. तर म्हणाले, सुधीरने सांगितलंय, तो उगाच नाही सांगायचा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी काय बोललो? मी म्हणालो, "तसं नाही वहिनी, कापा म्हणजे जरा आवरा, असं..." आणि पोहे न संपवता उठलो.

घरी येऊन त्या साइटवर लोकांनी काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचलं. फार नव्हतं. बहुतेकांना आवडला होता. पण एकाने लिहिलं होतं, 'दुसऱ्या बांधानंतर एकदम तिसरा येतो. मध्ये काहीतरी असायला हवं होतं असं वाटत राहतं. कोणाशी बोलावं असं कोणीच भेटत नाही.' हा माणूस मला ओळखत नाही, हेमंतला ओळखत नाही. त्याने खेळून लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. गावासकटचा जुना गेम हेमंतच्या कॉम्प्युटरवर तसाच होता. म्हटलं, "वहिनी, मला परत एकदा खेळायचाय." त्यांनी खोली उघडून दिली, चौकटीचे कागद काढून दिले आणि शेजारी स्टुलावर बसल्या. मी निघालो, खाजणात शिरलो आणि चिंबोरीने मला मारलं. पुन्हा गेलो. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, समोर उभं राहा ना तिच्या. चिंबोरी आडवी चालते. समोरच्याला ती काहीच करत नाही."

खाडीच्या माणसाने बनवलेला गेम, आणि हे मला कळू नये! मी तिच्या बाजूने वार करायला जात होतो, तेरा वेळा. मी समोर उभा राहिलो. ती आडवी निघून गेली. पहिला बांध झाला. मी खुशीत वळलो तर वहिनी स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तुम्ही पहिला बांधसुद्धा..."

"नाही."

"मग वही?"

"सगळी खोटी. एका दुपारची."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. मी पळून जाणार होतो, पण पायताण त्या बाजूलाच होतं. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "त्यांनी विश्वास ठेवला हो तुमच्यावर." आणि मग, "आता खेळा."

त्यानंतरचे चार रविवार लागले गावात पोचायला. गाव... काय सांगू? एकही राक्षस नाही. चाळीस-एक घरं. प्रत्येक दारात थांबायचं. दार उघडणारं माणूस पहिलं विचारणार, "कोनाचा रं तू?" आणि दुसरं, "पानी पी आदी, मंग बोल." कोणी कोणाचं गाऱ्हाणं सांगतं, कोणी मासे सुकवताना तुमच्या मांत्रिकाला कामाला लावतं. एक म्हातारा तुमच्या लढवय्याला म्हणतो, "तलवार भायेर ठेव, पोरं घाबरतान." हसलास या रकान्यात मी पान भरलं. तसेच तीन रकाने आखलेल्या नव्या, खऱ्या वहीत. आणि तिसऱ्या बांधाची वाट कोणालाच ठाऊक नाही. सगळे म्हणतात, विहिरीवर विचार.

विहिरीवर बाई होती. मी बोलण्याची कळ दाबली. खाली अक्षरं उमटली, 'बाई तुमच्याकडे बघते.' पुन्हा दाबली. 'बाई घागर पुढे करते.' मी घागर भरली. ती उचलून कमरेवर घेतली तिने, आणि मोकळा हात वर करून खाडीकडे दाखवला. वाट दिसली. मी पुन्हा दाबली, पुन्हा, पुन्हा. 'बाई तुमच्याकडे बघते.'

ती बोलतच नाही.

हेमंतच्या आईची वाचा शेवटची दोन वर्षं गेली होती. मला माहीत होतं. मी त्यांना बघायला गेलो होतो, त्यांनी हाताने पाटाकडे खूण करून मला बसवलं होतं. आणि आमच्या हॉलमध्ये हेमंतने विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, फार बोलते. थांबतच नाही.

म्हणजे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. आठ दिवसांनी त्याने गाव काढलं तेव्हा कळलेलं होतं. आभाराच्या पाटीवर माझं नाव पहिलं घातलं तेव्हा, आणि मी त्या पाटीचे फोटो वाटत फिरत होतो तेव्हाही.

वहिनींना मी हे सांगितलं. न चुकवता, त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द. त्यांनी विचारलं, "कळलं होतं, तर काढलं कशाला?"

मला जे वाटतं ते मी सांगितलं. चार वर्षं खपून त्याने ते गाव माझ्यासारख्या माणसांसाठी मांडलं होतं. तीस-पस्तीस वर्षांचा मित्र चार महिन्यांत तिथवर चालत येत नाही, तर अनोळखी कोण येणार, असं त्याला वाटलं असेल. कंटाळ्याच्या रकान्यात मी लिहिलेलं खोटं होतं, पण न जाणं खरं होतं. त्याने तो अभिप्राय मानला.

वहिनींनी यावर मला माफ वगैरे केलं नाही. तसं लिहिलं तर आणखी एक खोटं होईल. त्या म्हणाल्या, "दोन झालेत तुमचे. पाच राहिलेत. आता अर्धवट टाकायचं नाही." गाव परत गेममध्ये घालता येईल का, ते बघणारं कोणीतरी त्या शोधताहेत. मी त्याबद्दल मत द्यायचं नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलंय.

म्हणून रविवारी दुपारी मी एव्हरशाईनला असतो. हेमंत माझ्याहून वीतभर बुटका. त्याची खुर्ची त्याच्या मापाने खाली केलेली आहे, मी बसलो की गुडघे टेबलाखालच्या फळीवर आपटतात. बाजूची कळ ओढली की खुर्ची वर येते, वहिनींनी दोनदा दाखवलं. मी ती अजून ओढलेली नाही. संध्याकाळी उठताना गुडघे दुखतात, ते मी फसलास या रकान्यात लिहितो.